सायकल ‘हवी तेवढी’ नको

‘गुडघा दुखतोय तोवर धावणं बंद, सायकल आणि पोहणं हवं तेवढं करा’ हा ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) तयारीवरच्या लेखातला सल्ला अर्धवट आहे. सीट खाली असेल तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. पेडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहील इतकी सीट वर घ्या. गिअर हलका, मिनिटाला पेडलचे ८०-९० फेरे. पोहताना ब्रेस्टस्ट्रोकची (बेडकासारखं पोहण्याची) लाथ गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण देते, फ्रीस्टाइलच बरं.

आणि २० किलोमीटर सायकलनंतरचे ५ किलोमीटर थेट शर्यतीतच धावायचे? तेव्हा पाय लाकडासारखे झालेले असतात. सरावात सायकलवरून उतरल्या उतरल्या १० मिनिटं, एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, एवढं तरी आधी जमू द्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखलं, तर धावणं वाढवू नका.