ई-रीडर आला म्हणून वाचनालये बंद करायची काय?

गेल्या काही आठवड्यांत परभणी-हिंगोलीकडच्या शिक्षकांच्या आणि निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. मला तो चार वेगवेगळ्या माणसांकडून आला, आणि त्यांपैकी दोघे आमच्याच वाचनालयाचे सभासद आहेत. संदेशाचा गोषवारा असा: कागदी पुस्तकाचा जमाना संपला आहे, दहा-पंधरा हजारांचा एक ई-रीडर, म्हणजे पुस्तके वाचण्याचे यंत्र, घेतला की डोळ्यांना त्रास होत नाही, त्यात सगळी मराठी पुस्तके स्वस्तात मिळतात, एकदा घेतलेले पुस्तक आयुष्यभर आपले राहते, झाडे वाचतात, आणि आता खेड्यापाड्यांत कोणी वाचतच नसल्याने गावोगावच्या वाचनालयांना दिले जाणारे अनुदान म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे.

मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचा मानद सचिव आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलीने हातात दिलेला ई-रीडर मी नियमाने वापरतो, त्यामुळे पुढील प्रतिवाद यंत्राचा तिटकारा असलेल्या माणसाचा आहे असे कोणी समजू नये. संदेशातला एक दावा बराचसा खरा आहे, दोन अर्धे खरे आहेत, उरलेले चुकीचे आहेत, आणि ज्या निष्कर्षासाठी हा सगळा खटाटोप केला आहे, तो यांपैकी कशातूनही निघत नाही.

डोळ्यांविषयीचा दावा बराचसा खरा आहे. ई-रीडरच्या पडद्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. पान उलटताना विजेच्या दाबाने ते वर-खाली सरकतात आणि मग अक्षर तसेच स्थिर राहते. पडदा स्वतः प्रकाश फेकत नाही, तो कागदासारखा बाहेरच्या उजेडावर वाचला जातो. आत दिवा असला तरी त्याचा उजेड पडद्याच्या पृष्ठभागावरून पसरवलेला असतो. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि आठवड्यातून एकदा चार्जिंग केले तरी भागते, हे आमच्याकडच्या विजेचा लपंडाव पाहता लहानसहान सुख नव्हे. मात्र संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात ई-रीडर नसतो, मोबाईल असतो, आणि मोबाईलच्या पडद्याला यातले काहीही लागू होत नाही. उलट बाजूने, ई-रीडरने झोप उडते म्हणून ज्या अमेरिकी प्रयोगाचा दाखला दिला जातो, तो 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला प्रयोग अवघ्या 12 जणांवर आणि प्रकाश फेकणाऱ्या टॅबलेटवर झाला होता. ई-रीडरला झोडपण्यासाठी तो वापरणे तितकेच चुकीचे आहे.

'एकदा घेतलेले पुस्तक आयुष्यभर आपले' हा दावा मात्र सरळ खोटा आहे. मोठ्या दुकानांतून ई-पुस्तक घेताना आपण पुस्तक विकत घेत नाही, ते वाचण्याचा परवाना घेतो, आणि तसे त्या दुकानाच्या अटींत लिहिलेले असते. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतील ग्राहकांच्या किंडल या आपल्या ई-रीडरवरून त्यांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तके दुरूनच पुसून टाकली होती. विकणाऱ्याकडे त्या आवृत्तीचे हक्क नव्हते, असे कारण होते. पैसे परत दिले गेले, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण त्या पुस्तकांत जॉर्ज ऑरवेल यांची, जुन्या नोंदी पुसून टाकणाऱ्या राजवटीवरची, '1984' ही कादंबरी होती, हा योगायोग कोणत्याही टीकाकाराला सुचला नसता. एप्रिल 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले आणि जुलैपासून ग्राहकांची घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली; तेथेही पैसे परत मिळाले, समासात पेन्सिलीने काढावेत तसे काढलेले टिपण मात्र गेले. फेब्रुवारी 2025 पासून किंडलचे विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही काढून टाकण्यात आली. विकत घेणे आणि परवाना घेणे यांतला भेद ग्राहकाला स्पष्ट सांगितलाच पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याला करावा लागला आणि तो 2025 च्या आरंभापासून लागू झाला.

आता याच्या शेजारी आमच्या वाचनालयातले एक कपाट ठेवून पाहा. सेलूच्या एका निवृत्त वकिलांच्या पश्चात त्यांच्या सुनेने त्यांची पुस्तके आम्हाला दिली. पहिल्या पानावर त्यांची सही, तारीख आणि किंमत आहे, काही ठिकाणी रागाने मारलेली उद्गारचिन्हे आहेत, आणि आज ती पुस्तके त्यांना कधीही न पाहिलेली मुले घरी नेतात. हीच पुस्तके त्यांच्या ई-रीडरवरच्या खात्यात असती, तर सुनेला काय देता आले असते? पासवर्ड?

'सगळी मराठी पुस्तके' या शब्दांपाशी थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक वाचकांना न दिसणारी अडचण येथे आहे. किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके डिसेंबर 2016 मध्ये आली. पहिले किंडल नोव्हेंबर 2007 चे. म्हणजे मराठी या दुकानात नऊ वर्षे उशिरा पोहोचली, आणि पोहोचली तेव्हा तिच्या पाठीवर जुन्या फॉन्टांचे ओझे होते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी सर्वमान्य पद्धत, रूढ होण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्री-लिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांमध्ये झाली. त्या फाइलींमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवलेले असतात, आणि फॉन्ट काढून घेतला की उरतो तो निरर्थक चिन्हांचा ढीग. असे पुस्तक ई-रीडरवर आणायचे तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागते. ते काम यंत्राने घाईत केले की जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्वदीर्घ बिघडते, आणि 'ऱ्य' आणि 'र्य' यांची सरमिसळ होते. ही बारीक चूक नव्हे. 'आचाऱ्यांना' बोलावले म्हणजे स्वयंपाकी येतात, 'आचार्यांना' बोलावले म्हणजे विद्वान येतात; डोंगरातल्या 'दऱ्या' छापायच्या जागी 'दर्या' छापला तर डोंगरात समुद्र येतो. प्रकाशकाने मुद्रितशोधकाला पुन्हा मानधन देऊन सगळे पुस्तक तपासून घेतले तरच हे टळते, आणि पाचशे-हजार प्रतींच्या आवृत्तीवर जगणाऱ्या प्रकाशकाला ते परवडत नाही. पाठ बिघडतो आणि कोणीतरी बसून तो शुद्ध करावा लागतो, हे आमच्या भागाला नवे नाही. पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणासाठी. आजच्या ई-पुस्तकांना असा नाथ क्वचित भेटतो.

म्हणून पुष्कळ ठिकाणी रूपांतर टाळून पानांची चित्रेच पीडीएफ म्हणून दिली जातात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले कितीतरी दुर्मीळ ग्रंथ असे मोफत उपलब्ध करून दिले आहेत, आणि त्याबद्दल मंडळाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु मराठी पुस्तकाचे नेहमीचे डेमी आकाराचे पान सुमारे साडेआठ इंच उंच असते आणि सहा इंची ई-रीडरच्या पडद्याची उंची पाच इंचांहूनही कमी. संपूर्ण पान त्यात बसवले की 14 पॉइंटांचे अक्षर आठ पॉइंटांच्या आसपास येते. अक्षर मोठे करण्याचा जो लाभ मी वर मान्य केला, तो येथे संपतो, कारण चित्रातले अक्षर एकटे मोठे होत नाही, पान मोठे होते आणि ओळ वाचण्यासाठी ते डावी-उजवीकडे ओढत बसावे लागते. दिवाळी अंकाचे पान तर याहून मोठे, तेव्हा त्याविषयी न बोललेले बरे.

स्वस्ताईचे म्हणाल, तर छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ई-पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तर 2018 पासून त्यावर 5 टक्के, आणि नसेल तर 18 टक्के. किंमत तरीही पुष्कळदा कमी असते, हे खरे. पण यंत्राचे बारा हजार धरले आणि छापील पुस्तक सरासरी तीनशेचे मानले, तर त्या रकमेत 40 पुस्तके येतात, आणि वाचनालयात आलेले पुस्तक एकाच घरात राहत नाही.

झाडांच्या मुद्द्यालाही हाच हिशेब लागू पडतो. क्लीनटेक ग्रुप या अमेरिकी संस्थेने 2009 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार एका किंडलच्या पूर्ण आयुष्यात सुमारे 168 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो आणि एका छापील पुस्तकामागे सुमारे साडेसात किलो, म्हणजे बावीस-तेवीस नवी पुस्तके घेण्याऐवजी तीच यंत्रावर वाचली तर यंत्राची बरोबरी होते. अंदाज तिकडचा आणि जुना आहे, तरी पद्धत पाहण्यासारखी आहे: तो प्रत्येक पुस्तक एकाच माणसाने विकत घेऊन वाचले असे धरतो. आमच्याकडे एखादी गाजलेली कादंबरी बांधणी खिळखिळी होईपर्यंत फिरते, मग पुन्हा बांधून घेतली जाते आणि पुन्हा फिरते. साडेसात किलोंना तीस-चाळीस वाचकांनी भागून पाहावे. शिवाय आपल्या देशातला पुष्कळसा कागद रद्दीपासून होतो आणि काही उसाच्या चिपाडापासून. सगळा कागद झाडे तोडूनच होतो, हे निदान ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत तरी कोणी बोलू नये.

'आता कोणी वाचतच नाही' हे वाक्य मी वयाच्या दहाव्या वर्षापासून ऐकतो आहे. तेव्हा दोष रेडिओचा होता. आमच्या देवघेव नोंदवहीत काय चालले आहे ते सांगतो. सकाळी वृत्तपत्रांसाठी ज्येष्ठ मंडळी येतात आणि एकेक पान वाटून घेतात. दहाच्या सुमारास अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुले येऊन बसतात. त्यांच्याजवळ मोबाईलवर पीडीएफचा डोंगर असतो, तरीही संदर्भग्रंथाच्या एका प्रतीसाठी त्यांच्यात पाळी लावावी लागते. त्यांचे वागणे अडाणीपणाचे नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात 54 अभ्यास आणि एक लाख 71 हजारांहून अधिक वाचक होते; माहितीपर मजकूर ठरावीक वेळेत वाचायचा असेल, तर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले, आणि कथात्मक मजकुरात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरी खुशाल ई-रीडरवर वाचावी, आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला 'कागद सोड' असे सांगू नये. दुपारी बायका येतात. त्या चरित्रे आणि कादंबऱ्या नेतात, श्रावणात पोथ्या मागतात, आणि दिवाळीनंतर अंकांच्या योजनेत त्यांची नावे सर्वांत आधी लागतात.

बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे शासनाने काढलेले खंड आमच्याकडे अपुरे आहेत. बाबासाहेबांचे मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये ज्या औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) शहरात सुरू झाले, त्या शहराच्या आसपासच्या जिल्ह्यांत या खंडांना किती मागणी असते हे सांगण्याची गरज नाही. मागणी असूनही त्यांची छपाई रखडल्याची मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. वाचक नाहीत म्हणून पुस्तके पडून आहेत, असे म्हणणाऱ्यांनी पुस्तके नाहीत म्हणून परत जाणारे वाचकही मोजावेत.

राहिला अनुदानाचा प्रश्न. ही वाचनालये सरकारने उघडलेली कार्यालये आहेत, असा संदेशकर्त्याचा समज दिसतो. ती नागरिकांनी वर्गणी काढून स्थापलेल्या संस्था आहेत, आणि शासन त्यांना वर्गवारीनुसार परिरक्षण (चालवण्याच्या खर्चाचे) अनुदान देते. मराठवाड्यात तर या संस्थांचा जन्म शासनाच्या कृपेने झाला, असे म्हणण्याची सोयच नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. अशा काळात मराठी वाचायला मिळण्याच्या ज्या थोड्या जागा होत्या, त्यांत लोकांनी चालवलेली वाचनालये होती. परभणीचे गणेश वाचनालय शंभर वर्षांहून जुने आहे. ग्रंथालयांचा कायदाही येथे आधी आला: हैदराबाद राज्याचा 1955 चा, आणि महाराष्ट्राचा 1967 चा. 2011 च्या जनगणनेत मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा कमी होती. जिथे शाळा सुटल्यावर मुलाच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नसतो, तिथे ती एक खोली बंद करून वाचलेल्या पैशांत किती घरी ई-रीडर पोहोचतील, याचा हिशेब संदेशात नाही. अनुदान घेऊन कुलूपबंद राहणारी वाचनालये आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांची तपासणी कडक करावी, जरूर तर अनुदान थांबवावे. पण त्यासाठी ई-रीडरला मध्ये आणण्याचे कारण नाही.

संदेश पाठवणाऱ्या त्या दोन सभासदांपैकी एकाने, मी एवढे सगळे बोलून दाखवल्यावर, आपला जुना ई-रीडर वाचनालयाला भेट दिला. मी तो आनंदाने घेतला. पुस्तके त्यांच्या खात्यावर होती आणि खाते दुसऱ्याच्या हाती देता येत नव्हते, म्हणून देण्यापूर्वी त्यांनी ते यंत्रातून काढले, आणि यंत्र रिकामे झाले. आमच्या ग्रंथपाल बाईंनी त्याची नोंद पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत करता येईना म्हणून सामानसुमानाच्या जडसंग्रह नोंदवहीत केली, छताच्या पंख्याच्या खाली आणि प्लास्टिकच्या सहा खुर्च्यांच्या वर.