'एका ओळीसाठी दोन दिवस' या आपल्या अभिप्रायाबद्दल

नमस्कार,

एसएपीत (साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्टोअरमधून सुटे भाग इश्यू करताना एरर आली, आमच्या सपोर्टच्या लोकांनी तीनदा स्क्रीनशॉट मागितला, दोन दिवस काम अडलं आणि शेवटी आम्ही सेटिंगमध्ये एकच ओळ भरली, असं आपण लिहिलं आहे. सगळं खरं आहे.

पहिल्याच स्क्रीनशॉटमध्ये मेसेज नंबर स्पष्ट दिसत होता: एम८ १४७. तरी तिकीट, म्हणजे आपली नोंदवलेली तक्रार, एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि प्रत्येकाने नव्याने सुरुवात केली. काय चाललंय हे सांगायला आपल्याला एक फोनही गेला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. मनापासून माफी मागतो.

त्या एका ओळीबद्दल मात्र सांगायलाच हवं. एसएपीच्या या मेसेजचा अर्थ, नोंद कुठे करायची ते खातं सापडलं नाही. आपल्या मेसेजमध्ये जीबीबी (साठ्याच्या विरुद्ध बाजूची नोंद), व्हीबीआर (वापरासाठी दिलेला माल) आणि ३०४० असं आलं होतं. म्हणजे ३०४० या व्हॅल्युएशन क्लासचा (हिशेबासाठी केलेल्या मालाच्या गटाचा) माल कॉस्ट सेंटरला, म्हणजे ज्या विभागाच्या नावे खर्च पडतो त्याला दिला, तर खर्च कोणत्या जीएल (मुख्य खतावणीतल्या) खात्यावर टाकायचा, हे ओबीवायसीत, म्हणजे खाती जोडण्याच्या सेटिंगमध्ये, भरलेलंच नव्हतं. मटेरियल मास्टरमध्ये (मालाच्या मूळ नोंदीत) क्लास दिला गेला, खातं जोडायचं राहिलं.

ती ओळ भरायला मिनिटभरही लागत नाही. पण अंदाजाने कुठलंही खातं टाकलं असतं, तर एरर गेली असती आणि त्यानंतरचा प्रत्येक इश्यू भलत्याच खर्चात पडत राहिला असता. मेसेज नाही, अडथळा नाही. फरक कळला असता तो हिशेब जुळवताना. कोणतं खातं लावायचं हे आम्ही ठरवणं योग्य नाही, म्हणून आपल्या फायनान्सकडून लेखी होकार घेतला. मग बदल डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये केला, क्वालिटीत, म्हणजे चाचणीच्या सिस्टिममध्ये, खरोखर माल इश्यू करून पडलेली नोंद पाहिली आणि तेव्हाच ट्रान्सपोर्ट (बदलाचं पॅकेज) प्रॉडक्शनला, म्हणजे रोजच्या कामाच्या सिस्टिमला नेला. यात एक दिवस गेला. तो मी पुन्हाही घेईन. दुसरा दिवस निव्वळ आमच्या ढिसाळपणामुळे गेला.

यापुढे आपलं तिकीट ज्याने घेतलं, तोच ते मिटेपर्यंत सांभाळेल. आपल्याकडून एवढंच हवं, की एरर आली की मेसेजवर क्लिक करून उघडणारा सविस्तर मजकूर अख्खा पाठवा.

तपासताना आणखी दोन क्लास खात्याविना दिसले. त्यांचा माल अजून कॉस्ट सेंटरला गेलेला नाही. यादी आजच आपल्या फायनान्सला पाठवली आहे. खाती कळली की लगेच कामाला लागतो.