गाडी उठत नाही

खंबाटकी घाटात सिमेंटने भरलेल्या ट्रकने मला ओव्हरटेक केलं, तेव्हा गाडीत कुणी काही बोललं नाही. क्लिनरने मान बाहेर काढून आमच्याकडे पाहिलं. चेष्टेने पाहिलं असतं तर चाललं असतं, पण त्याच्या नजरेत काळजी होती.

गाडी 2011ची, टर्बो डिझेल, 1 लाख 38 हजार किलोमीटर पळालेली. एरवी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा 1800च्या पुढे गेला की टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, बारीक शिट्टी यायची आणि पाठ सीटला टेकायची. त्या दिवशी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला, पाठ काही टेकेना. धूर मात्र एसटीला लाजवील असा काळा.

साताऱ्याला पोचेपर्यंत मागच्या सीटवरून आईची चार निदानं झाली. डिझेलमध्ये रॉकेल आहे. सामान जास्त झालंय (त्यातले दहा किलो इंद्रायणी तांदूळ तिचेच). नवी सीटकव्हरं बघून सोसायटीतल्या कुणाचीतरी नजर लागलीय. आणि चौथं, "कुकरचं गॅस्केट गेल्यावर येतो ना, तसा आवाज येतोय बघ. बाजूने फुसफुस जातं आणि शिट्टी होत नाही."

मी त्यातलं नजरेचं तेवढं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बंपरला लिंबू-मिरची बांधली.

पुढचा महिनाभर गाडीला माणसं बघून गेली. मुलगी बघायला यावीत तशी. मित्र म्हणाला एअर फिल्टर, बदलला. शेजारचे काका म्हणाले डिझेल फिल्टर, तोही बदलला. मग गॅरेजवाल्याने ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) खोलून माझ्या नाकासमोर धरला. धुराची काजळी आणि तेल यांचं आत डांबर झालं होतं. "बघा साहेब!" हे तो अशा आवाजात म्हणाला, की मी नकळत माझे दात जिभेने तपासले. व्हॉल्व्ह साफ झाला, गाडी दोन दिवस बरी वाटली. बिल दिल्यावर पहिले दोन दिवस कुठलीही गाडी बरीच वाटते.

मग मी स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढी वस्तू. स्टिअरिंगखाली खोचायची, मोबाइलला जोडायची, की गाडी स्वतःचं दुखणं स्वतःच सांगते. कोड आला, पी 0299. हर्षाने घरभर सांगत सुटलो. अर्थ बघितला, तर टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाही. म्हणजे जे मला सिमेंटच्या ट्रकने फुकटात सांगितलं होतं तेच. का होत नाही, याबद्दल कोड गप्प.

गॅरेजवाल्याला मात्र तेवढं पुरलं. "टर्बो गेला. चाळीस हजार."

मी म्हटलं, निदान दाखव तरी. त्याने पाइप काढला आणि आतलं चाक बोटाने फिरवलं. धावताना मिनिटाला लाखावर फेरे घेणारं ते चाक गरगर फिरलं. दांडा हलवून पाहिला, ढिलाई नाही.

"मग गेला कुठे?"

"जाईल," तो म्हणाला.

शेवटी शिरवळच्या अलीकडे रस्त्याकडेला एक म्हातारा फिटर भेटला. त्याने बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "शिट्टी येती का?" महिनाभरात हे कुणी विचारलं नव्हतं. आई सोडून, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही. उभ्या गाडीत टर्बो दाब करतच नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळं धडधाकट दिसतं, असं म्हणत त्याने टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाखालून हात फिरवला. बोटं तेलकट. त्याने ती माझ्याच शर्टापाशी आणून दाखवली.

शेजारीच पंक्चरवाला. म्हाताऱ्याने टर्बोच्या तोंडावर एक डबा क्लिपने आवळून बसवला, त्याला जोडलेल्या व्हॉल्व्हमध्ये कॉम्प्रेसरची नळी लावली.

"किती मारू? बत्तीस?" पंक्चरवाला.

"टायर हाय का त्यो? पंधरा मार. कुकरएवढी."

पाइपावर साबणाचं पाणी शिंपडलं. क्षणभर काहीच नाही. मग वाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे बघायला मान मोडावी लागते, एक बुडबुडा आला, फुगला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता फेसाचा पुंजका. हवा बंद केली की चीर मिटायची, हवा भरली की बेडकासारखं तोंड उघडायची. टर्बो बिचारा घाम गाळून हवा दाबत होता आणि ती इथून पसार होत होती. डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबाने पडत होतं, म्हणून तो धूर.

पाइप आणि दोन क्लिपा मिळून चौदाशे रुपये. मजुरी त्याने तीनशे सांगितली, मी पाचशे दिले. पहिल्याच चढावर शिट्टी आली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

घरी फोन केला. "गॅस्केट म्हणाले होते ना मी!" आई म्हणाली. रॉकेल, तांदूळ आणि नजर यांचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही, कारण बंपरवर लिंबू अजून लटकत होतं.

"आणि तिथवर गेलाच होतास," ती पुढे म्हणाली, "तर आपल्या पाच लिटरच्या कुकरचंही एक आणायचं की!"