उसाचा दर दिल्लीचा, मग मुंबईच्या हातात काय?

बॉयलर पेटले की वाळव्यापासून कराडपर्यंत एकच विषय असतो, उसाचा दर. आणि एक वाक्य दरसाल हमखास ऐकायला मिळतं, "एफआरपी केंद्र ठरवतं, राज्याच्या हातात काय आहे?" एफआरपी म्हणजे कारखान्याने उसाला द्यायलाच हवा असा किमान दर. सरकार कुणाचंही असो, वाक्य तेच. कारखान्याचे चेअरमन हेच म्हणतात, आमदारही हेच म्हणतात. (आपल्याकडे बऱ्याचदा माणूस एकच असतो, ते सोडा.)

घटनेची सातवी अनुसूची एकदा वाचून बघा. शेती राज्याकडे, सहकारी संस्था राज्याकडे. पाणीही राज्याकडे, फक्त आंतरराज्य नद्यांचा विषय केंद्राचा, म्हणून तर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं घोंगडं भिजत पडलंय. म्हणजे फडात उभा असेपर्यंत ऊस मुंबईचा. गाडी कारखान्याच्या काट्यावर चढली की तो दिल्लीचा होतो, कारण 1955 च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला 1966 चा ऊस नियंत्रण आदेश. एफआरपी त्यातूनच येते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज, हेही त्यातच. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते ते) टनामागे 3550 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा.

दिल्लीचं चुकतं, यात वादच नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये केला आणि 2025-26 चा हंगाम सुरू झाला तरी तो तिथंच. तेवढ्यात एफआरपी 2750 वरून 3550 वर गेली (मधे पायाभूत उताराही वाढवला). डिसेंबर 2023 मध्ये, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉल करायला बंदी आली आणि आठवडाभरात ती थोडी सैलही झाली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली त्यांनी काय करायचं? साखर बाहेर किती पाठवायची तेही दिल्लीच सांगणार. देणं दिल्ली ठरवते, कमाईवर टाच तीच आणते, आणि महामार्गावर चक्काजाम झाला की पोरांसमोर उभा राहतो तो राज्याचा तहसीलदार आणि राज्याचा पोलीस.

पण म्हणून राज्याच्या हातात काहीच नाही? हे साफ खोटं आहे.

उत्तर प्रदेश एफआरपीच्या वर स्वतःचा दर जाहीर करतं. त्याला तो अधिकार आहे का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2004 ला सांगितलं आणि 2020 ला पुन्हा सांगितलं: केंद्राचा दर किमान आहे, राज्य त्याच्या वर जाऊ शकतं. महाराष्ट्राने हा अधिकार वापरला नाही. त्याची कारणं आहेत, उत्तर प्रदेशात थकबाकी कशी साचते ते आपण पाहिलंय. ठीक, समजू शकतो.

मग फेब्रुवारी 2022 मध्ये काय केलं? एफआरपीचे दोन तुकडे करणारा जीआर काढला. पहिला हप्ता 14 दिवसांत, उरलेलं हंगाम संपून उतारा निघाल्यावर. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. केंद्राच्या आदेशातल्या एकरकमी पैशाला राज्य हात लावू शकत नाही, साधी गोष्ट. म्हणजे बघा, जास्त द्यायचा अधिकार होता तो कपाटात, आणि उशिरा द्यायचा नव्हता तो मात्र बिनदिक्कत वापरला. "राज्यांचे अधिकार" म्हणून दिल्लीशी भांडणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांपैकी कितीजण यावर बोलले?

2013 चा राज्याचा स्वतःचा कायदाही आहे, उत्पन्नातला वाटा शेतकऱ्याला देणारा. सत्तर टक्के शेतकऱ्याला, तीस कारखान्याला, असा सत्तर-तीसचा हिशेब. तो वेळेवर, कारखानावार आणि सगळ्यांना दिसेल असा मांडायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

एका मित्राने विचारलं, मग दराचा विषय पुरता राज्याकडेच द्यावा का? माझं उत्तर नाही असं आहे. किमान दर आणि 14 दिवस दिल्लीकडेच राहू देत, त्याच्या वरचं मुंबईने बघावं. हा आदेश राज्याचाच असता तर 2022 चा तो जीआर आपण कोर्टात कशाच्या जोरावर पाडला असता?