कलाम माझ्या वयाचे असताना

रामेश्वरला कलामांचं स्मारक बघून आल्यापासून कोणी वय विचारलं की मला तिडीक येते.

बावीस कुंडांची आंघोळ उरकून, ओले कपडे पिशवीत कोंबून आमची सहल पेई करुंबूला पोचली. "वीस मिनिटं हं!" व्यवस्थापक ओरडला. कलामांचं दफन इथेच झालं. डीआरडीओनं उभारलेलं स्मारक २०१७ मध्ये खुलं झालं. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले पेपरचे गठ्ठे छोटे कलाम गोळा करायचे, हे मला मुलाला निवांत सांगायचं होतं.

पण मागे काका होते. जन्मभर विमा विकलेला माणूस.

"वय काय तुमचं? पूर्ण झालेलं सांगा."

"अठ्ठेचाळीस."

"कलाम अठ्ठेचाळीसचे असताना त्यांच्या एसएलव्ही-३ रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. जुलै १९८०! तुम्ही काय करता?"

"पतसंस्थेत. वसुलीला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, रॉकेटच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्या मुलाकडे पाहिलं. त्या तिसऱ्या बघण्याचा राग अजून गेलेला नाही.

"आदल्याच वर्षी त्यांचंही रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं होतं," मी म्हणालो.

"पडायला होतं तरी!"

निम्मी बस हसली. त्यात माझी बायकोही होती. एरवी मी विनोद केला की तिला ऐकूच येत नाही.

"काका, तुमचं वय?"

"चौऱ्याहत्तर."

"या वयात कलाम राष्ट्रपती होते."

"त्यांचं लग्न झालं नव्हतं," काका शांतपणे म्हणाले. काकूंनी ओल्या कपड्यांची पिशवी त्यांच्या पायावर सोडली.

तेवढ्यात शिट्टी. पेपरचे गठ्ठे राहिलेच. २००६ मध्ये नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहून गेले, तर कलामांनी त्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून भरला. आमच्या सहलीच्या पत्रकावर 'सर्व समाविष्ट' छापलं होतं, तरी देवळापर्यंतच्या रिक्षाचे पैसे आमच्याकडूनच घेतले. आणि राष्ट्रपतीच्या आख्ख्या आयुष्याला वीस मिनिटं देणारी ही मंडळी शंख-शिंपल्यांच्या दुकानात सव्वा तास थांबली. तिथे कोणाला किती टक्के मिळतात, हे वसुलीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

परतताना काका शेजारी येऊन बसले.

"वसुली म्हणजे ताण असणार. टर्म प्लॅन घेतलाय का? अठ्ठेचाळीस म्हणजे हप्ता जरा जास्त बसेल."