कौतुकात मोजमापही असावे

जर्मन संगीतकार बाखच्या, वायमार शहरात सापडलेल्या हस्तलिखितावरचा लेख आवडला, पण 'किरकोळ रचना' हा शेरा पटला नाही. ही रचना म्हणजे 'आलेस मित गॉट', आज बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ११२७ या क्रमांकाने ओळखली जाते. ऑक्टोबर १७१३ मध्ये वायमारचा शासक ड्यूक विल्हेल्म अर्न्स्टच्या ५२ व्या वाढदिवसासाठी लिहिलेली. तेव्हा बाख २८ वर्षांचा, दरबाराचा ऑर्गनवादक. कविता मिलियस नावाच्या धर्मोपदेशकाची, ड्यूकच्याच ब्रीदवाक्यावर बेतलेली. म्हणजे खुशामत होतीच, ती कोणत्या दरबारात नसते! पण चाल ऐका. एकच सोप्रानो म्हणजे उंच पट्टीचा स्त्रीस्वर, खाली बासो कंटिन्युओ म्हणजे खर्जातली सलग साथ, आणि कडवे संपले की तंतुवाद्ये तीच सुरावट पुढे नेतात. कडवी १२, चाल एकच. सगळी गायली तर पाऊण तासाच्या आसपास जातो, म्हणून ध्वनिमुद्रणात बहुधा तीन-चारच कडवी घेतात. ते मला खटकते. पुनरावृत्तीत गायकाने काय भर घालायची, हीच तर त्या काळच्या गायकीची मजा.

लेखात आगीचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. सप्टेंबर २००४ मध्ये वायमारच्या अ‍ॅना अमालिया ग्रंथालयात सुमारे ५०,००० पुस्तके जळाली. ड्यूकला आलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रांचा गठ्ठा त्याआधीच इमारतीबाहेर हलवलेला होता, म्हणून वाचला. २००५ मध्ये लाइपझिगच्या बाख अभिलेखागाराचे संशोधक मिखाएल माउल यांना त्यातच ही दोन पाने दिसली. बाख शोधत कोणी शुभेच्छापत्रे कशाला चाळेल? त्यांनी चाळली.