वडिलांच्या चित्राक्षरांच्या फॉन्टबद्दल

नमस्कार ताई,

तुमच्या वडिलांच्या चित्राक्षरांवरून गोष्टींच्या पुस्तकासाठी आम्ही बनवलेल्या फॉन्टला दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत, की ‘क’ छान दिसतो, पण ‘की’ टाइप केल्यावर वेलांटी ‘क’वरच्या कावळ्याच्या पोटात घुसते, ‘त्या’ची फोड होते, मजकुरात अक्षरांचे डाग पडतात आणि आम्ही नुसता स्कॅन ट्रेस करून दिला.

वेलांटीची चूक आमचीच. तुमच्या वडिलांनी शाईने काढलेली ३४ अक्षरं हातात आली आणि त्या रेषांत आम्ही इतके गुंतलो, की पुस्तकातल्या गोष्टी कोणत्या शब्दांनी सुरू होतात हे विचारायचंच राहिलं. त्यांचा कावळा ‘क’च्या शिरोरेषेवर बसलाय, नेमका वेलांटीच्या जागी. ‘म’च्या मोराचा पिसारा खाली उतरतो, तिथे उकार यायचा असतो. साध्या फॉन्टमध्ये वेलांटी एकदा बनवली की बहुतेक अक्षरांना जोडता येते. इथे ‘की’, ‘मु’, ‘त्या’ अशी अख्खी अक्षरं नव्याने रचावी लागतात आणि ‘क’पुढे वेलांटी टाइप होताच तयार ‘की’ यावी अशी सोय फॉन्टमध्ये करावी लागते. त्यासाठी कावळा थोडा सरकवावा लागेल. कुठे, ते तुम्हाला दाखवल्याशिवाय ठरवणार नाही.

‘त्या’ आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणकाला मात्र त, हलन्त, य, काना अशा चार खुणा. गोष्टीचं पहिलं अक्षर मोठं करताना पानांची मांडणी करणाऱ्यांनी पूर्ण ‘त्या’ निवडायला हवा.

डागांचं कारण आकार. अक्षराची उंची १००० एकक धरली, तर पंखांच्या रेषांमधली फट १० एककांची आहे. १२ पॉइंटला, म्हणजे साध्या मजकुराच्या आकारात, ती ०.१२ पॉइंट उरते आणि शाईने बुजते. ९६ पॉइंटला जवळजवळ १ पॉइंट होते. ही अक्षरं गोष्टीच्या सुरुवातीलाच, मोठी वापरायची, हे प्रूफसोबत लिहून द्यायला हवं होतं.

ट्रेसचं म्हणणं मात्र मान्य नाही. संगणकाने स्कॅनवरून आपोआप रेषा काढल्या, की कागदाचे दाणेसुद्धा रेषेला चिकटतात, म्हणून प्रत्येक रेघ आम्ही हाताने पुन्हा ओढली. ‘ह’च्या हत्तीच्या सोंडेवर वडिलांचा टाक अडखळलाय. ती अडखळ आम्ही गुळगुळीत केलेली नाही, जवळून बघा.

सगळ्या गोष्टींचे पहिले शब्द पाठवा. लागतील तेवढी अक्षरं एक पैसाही न घेता करून देतो. मूळ कागद आमच्याकडे नीट आहेत, या आठवड्यात मी स्वतः घरी आणून देतो.